हिरा जे म्हणालीच नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही — आणि तिला तर मी शाळेतली घंटा कुणी चुकीची दिली इथपासून सगळं सांगत असे. मुलांपाशी नाही. निवृत्त झालो त्या दिवशी लोक एकामागून एक उठून माझ्याबद्दल चांगलं बोलत होते, तेव्हा एकदा अगदी ओठांवर आलं होतं. पण गळ्यात हार असताना असलं काही बोलायचं कसं? राहिलं. मग राहतच गेलं. आता तुम्हांला सांगायला बसलोय, आणि तुम्हांलाच का, हेही मला धड सांगता यायचं नाही. तुमची माझी ओळख नाही, हे एक कारण असेल.

सुरुवात कुठून करू? आयुष्यभर पोरांना निबंधाची सुरुवात कशी करावी ते शिकवलं, आणि आता स्वतःवर आलंय तर चार कागद फाडून झालेत. राघवनबाईंपासून करू, की हिरापासून? की त्या वाऱ्याच्या धड्यापासून? माझ्या डोक्यात या तिन्ही गोष्टी एकात एक अडकून बसल्यात. एक ओढायला गेलं की दुसरी हलते.

बरं. राघवनबाईंपासूनच करतो, ते सोपं आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला समुद्राकाठी वीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात चाललेलं. बोईसरच्या स्टेशनावर ज्यांना आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं अशी माणसं उतरत होती. साताऱ्या-सांगलीचे फिटर, नागपूरकडचे कारकून, दक्षिणेतले इंजिनियर. रस्त्यावर ट्रकांची धूळ, आणि चहाच्या टपरीवर हिंदी. आमची शाळा बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या त्याच रस्त्यावर होती — कौलारू, पाचवी ते सातवी, चार मास्तर आणि एक शिपाई. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. गाव पालघरपासून दोन कोसांवर, घरची भातशेती. नोकरी तात्पुरती होती, कायम व्हायची वाट बघत होतो.

राघवनबाई म्हणजे प्रकल्पावरच्या एका इंजिनियरांची बायको. मद्रासकडच्या. मुलांच्या मनाचं शास्त्र शिकलेल्या, तिकडे एका शाळेत तेच काम केलेल्या. इथे नुसतं घरी बसवेना म्हणून त्या स्वतः होऊन हेडमास्तरांकडे आल्या आणि म्हणाल्या, मी दर गुरुवारी येईन, पगार नको. हेडमास्तर हो म्हणाले. कशाला हो म्हणाले ते त्यांना कळलं नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. बुधवारी त्यांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की उद्या बाई मुलांच्या मनाची तपासणी करणार आहेत, सगळ्यांनी स्वच्छ होऊन यावं. झालं! दुसऱ्या दिवशी पोरं डोक्याला तेल थापून, नखं कापून आली. पहिला मुलगा बाईंसमोर उभा राहिला आणि त्यानं न सांगता जीभ बाहेर काढली. गावात तर बातमी पसरली की बाई वेडी पोरं निवडून ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवणार. पुढच्या गुरुवारी निम्मा वर्ग गैरहजर होता.

हसू येतं ना? मलाही येतं. पण मला त्या बाईंचा हेवा वाटायचा. त्या पोरांसमोर खाली बसायच्या. सतरंजीवर, पोराच्या उंचीवर. आणि थांबायच्या. पोरगं बोलेपर्यंत नुसत्या थांबायच्या. मास्तर माणसाला हे जमत नाही. आम्ही उत्तर येण्याआधी दुसरा प्रश्न टाकतो.

बाईंना मराठी येत नव्हतं. हिंदी मोडकं. आणि आमच्या पोरांचं मराठी तरी कुठे एक होतं? किनाऱ्याच्या कोळीवाड्यांतलं वेगळं, डोंगरातल्या पाड्यांवरचं वेगळं, घाटावरून आलेल्यांचं वेगळं. मला या भागातली सगळी बोली कळायची, आणि बऱ्यापैकी इंग्रजीही येत होतं. तेव्हा हेडमास्तरांनी मला दुभाष्या नेमलं. दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, नकाशांच्या खोलीत. सतरंजीवर एका बाजूला बाई, समोर पोरगं, आणि मधे मी.

मधे मी. हे लक्षात ठेवा.

आता हिरा. ती सातवीत होती, माझ्याच वर्गात. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून तासभर चालत यायची. बाप नव्हता, समुद्रावर गेला तो आला नव्हता. आई, जानकीबाई, वलांड्यांवर बोंबील वाळवायची — म्हणजे बांबूंच्या उंच मांडवावर दोऱ्या बांधून त्यांवर बोंबील टांगतात, ते — आणि सुकं झालं की पाटी डोक्यावर घेऊन बोईसरला बाजारात बसायची. हिरा सकाळी आईच्या कामाला हात लावून मग शाळेला निघायची. तिच्या अंगाला, कपड्यांना, दप्तराला वास असायचा. होणारच ना? आणि त्यात वाईट काय होतं? मी स्वतः सुक्या बोंबलावर वाढलेला माणूस. माझ्या घरी तो वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. हे मी आवर्जून सांगतोय, कारण पुढचं मला स्वतःलाच जुळवता येत नाही.

भूगोलाचा धडा होता, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री नि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. मी सहज विचारलं, आत्ता कुठला वारा आहे? सगळी पोरं पुस्तकात बघायला लागली. हिरा उठली, व्हरांड्यात गेली, तिथे क्षणभर तोंड वर करून उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "अजून मतलईच हाय, गुरजी. जेवायच्या सुट्टीला फिरंल." आणि सुट्टीला तो फिरला! मी सगळ्या वर्गाला बाहेर नेऊन दाखवलं. मला इतका आनंद झाला होता. मी तिची पाठ थोपटली. हेही खरं आहे.

मग आम्ही आत आलो, आणि प्रकल्पावरच्या एका हेडक्लार्कच्या मुलानं नाक धरून म्हटलं, सर, आता वारा फिरला, आता वास आमच्याकडे येतो.

वर्ग हसला. आणि मी? त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, तुम्हांलाही आहे. त्या मुलाचा बाप आदल्या आठवड्यातच हेडमास्तरांना भेटून गेला होता — या वर्गात फार वास येतो म्हणून. ते माझ्या मनात होतं का? असेल. नवे मास्तर घाटावरचे होते, त्यांच्यासमोर मी डब्यात बोंबलाची चटणी आणणं बंद केलं होतं, ते मनात होतं का? मी खूप शोधलंय, सापडत नाही. मला एवढंच आठवतं की मीही हसलो आणि म्हणालो, "मग हिरा, तुलाच वारा कळतो ना? तूच ठरव तू कुठे बसायचं ते." वर्ग आणखी हसला. मला तो हशा आवडला. तरुण मास्तराला वर्ग हसवता आला की फार बरं वाटतं.

एकदाच केलं असतं तर आज हे लिहीत नसतो. पण दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर पोरंच माझ्याकडे बघायला लागली. आणि मी म्हणालो, "हिरा, वारा बघून ये." ती गेली, बघून आली. वारा समुद्राकडून असला की तिला पूर्वेच्या खिडकीशी बसवायचं, म्हणजे तिचा वास बाहेर जाईल. जमिनीकडून असला की पश्चिमेच्या खिडकीशी — आणि पश्चिमेला मुलगे बसायचे. तिथे ती एकटी, जमिनीवर, बाकांच्या पुढे. सुट्टीनंतर वारा फिरायचा, की दप्तर उचलून पुन्हा इकडे. असं रोज. किती दिवस? दीड महिना तरी. मी त्याला गंमत म्हणत होतो. खरं सांगायचं तर मी त्याला भूगोल म्हणत होतो.

ती कधी रडली नाही. म्हणून मला वाटलं — नाही, मला काहीच वाटलं नव्हतं. ती हळूहळू बोलायची थांबली, एवढं दिसत होतं. आधी उत्तरं देईना, मग हजेरीलाही नुसती उभी राहायची. मी हजेरी मांडून पुढच्या नावावर जायचो.

राघवनबाईंनीच तिला हेरलं. एका गुरुवारी त्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांना हिराचे हात दिसले. कोपरापर्यंत सोललेले. लाल, काही ठिकाणी खपली, काही ठिकाणी ओलं. मी रोज हजेरी घेत होतो आणि माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं! बाईंनी त्याच दुपारी तिला नकाशांच्या खोलीत बोलावलं.

आता मी तिथवर आलोय आणि पुन्हा मागे वळावंसं वाटतंय. राघवनबाईंच्या साडीचा रंग सांगावा, खोलीत कुठले नकाशे होते ते सांगावं. तुम्ही म्हणाल, मुद्द्यावर या. येतो.

बाईंनी नेहमीसारखं खूप वेळ काहीच विचारलं नाही. मग मला म्हणाल्या, तिला विचारा, हातांना काय झालं. मी विचारलं. तिच्याच बोलीत विचारलं, "हाताला काय झालं गो?" हिरानं माझ्याकडे बघितलं नाही. ती बाईंकडे बघत होती, आणि बाईंनाच सांगत होती. तिला वाटत असावं की बाई समजून घेतील. "वालूनं घासते. रोज सकाली. नारलाच्या शेंडीनं पन घासते. वास जायला पायजे ना." ती थांबली. बाईही थांबून राहिल्या. मग, कित्येक दिवसांत जी मुलगी वर्गात एक शब्द बोलली नव्हती ती एका दमात म्हणाली, "गुरजी वारा बगायला लावतात. मंग बाजूला बसवतात. सगली हसतात. घासला तरी जात नाय."

सगळं सांगून झालं होतं. एवढंच होतं. त्यात समजायला अवघड असं काय होतं? बाईंनी पेन्सील वहीवर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी इंग्रजीत म्हणालो की ती आईबरोबर मासळी साफ करते. खवल्यांनी हात कापतात, मग वाळूनं घासते. तिला ते काम आवडत नाही.

ते वाक्य कुठून आलं? मी आधी ठरवलं नव्हतं, हे तुम्हांला पटेल का? मी तोंड उघडलं तेव्हा मला वाटत होतं की मी खरंच सांगणार आहे. निदान अर्धं तरी सांगणार आहे. आणि पहिला शब्द निघाला तो 'मदर'. मग त्याच्या मागून बाकीचे शब्द आपोआप आले, एका ओळीत. बोंबलाला तर कापण्यासारखे खवलेही नसतात! माझ्यासारख्या माणसाला ते माहीत नव्हतं थोडंच? पण राघवनबाई शाकाहारी. त्यांना काय कळणार? हे मात्र मला तेव्हाच सुचलं होतं. म्हणजे काही तरी ठरवलं होतंच की.

हिराला इंग्रजी येत नव्हतं. पण आठवड्यातून दोन तास तिला मीच इंग्रजी शिकवत होतो आणि तिला शब्द येत होते. मदर, फादर, फिश, बोट. तिनं माझ्या तोंडून 'मदर' ऐकलं, 'फिश' ऐकलं. आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती गोंधळली होती. आपण असं बोललोच नाही, मग गुरजी असं काय सांगतायत, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. मी खाली सतरंजीकडे बघितलं. त्यानंतर बाईंनी दहा प्रश्न विचारले, मी दहाही तिला विचारले, तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही.

निघताना राघवनबाई मला म्हणाल्या, तुम्ही नसता तर ही मुलगी मला कळलीच नसती. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटतेय, पण झाला होता. घरी जाताना मी खुशीत होतो आणि कुणी ओळखीचं समोर आलं की नजरही चुकवत होतो, दोन्ही एकदमच. माणसाचं असं कसं होतं? मी आजवर ते कुणाला विचारू शकलेलो नाही, कारण विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागतं.

मी वाऱ्याची गंमत बंद केली. लगेच, दुसऱ्याच दिवशी. मनात म्हटलं, मूळच काढून टाकलं की झालं, आता ती बरी होईल, आणि कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. हजेरी झाल्यावर मी काही बोललो नाही. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मग हिरा आपणहून उठली, व्हरांड्यात गेली, वारा बघून आली, आणि दप्तर उचलून पश्चिमेच्या खिडकीशी जाऊन बसली. मी म्हटलं, "हिरा, जागेवर बस." ती उठली नाही. सुट्टीनंतर वारा फिरला तशी पूर्वेला गेली. रोज तसंच. कुणी हसेनासं झालं होतं, तरीही. मी जे लावून दिलं होतं ते आता माझ्याशिवाय चालत होतं.

त्या वेळी राघवनबाईंकडे धावत जायला हवं होतं. त्यांना यातलं कळत होतं. त्यांनी काही तरी केलं असतं. मी काय केलं? मी बाईंच्या वहीत हिराच्या नावापुढे 'सुधारणा आहे' असं लिहिलं. बाईंनी मला दर आठवड्याला नोंद करायला सांगितलं होतं.

मग बाईंनी आईला बोलावलं. जानकीबाई आली ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. कुठे लग्नाला जावं तशी. सतरंजीवर बसायला तयार होईना, दाराशीच उकिडवी बसली. राघवनबाई तिच्याजवळ सरकल्या आणि बराच वेळ, फार मायेनं बोलल्या. यात कुणाचा दोष नाही, त्या म्हणाल्या. मुलीच्या मनानं स्वच्छतेचा धसका घेतलाय. तो कशानं घेतला ते आपण तिघांनी मिळून शोधू. तोवर काही महिने तिला मासळीच्या कामाला लावू नका, आणि तिला जवळ घ्या, तिच्याशी बोला. असं बरंच. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, 'कशानं घेतला' हे मी कसं सांगू? तो भाग मी गाळला. दोष नाही, हेही गाळलं, कारण ते सांगितलं तर ही विचारील, मग कुणाचा? गाळत गाळत माझ्या हातात जे उरलं तेवढंच मी सांगितलं. "बाई म्हणतात, पोरीला मासळीपासून लांब ठेवा."

जानकीबाईनं स्वतःचे हात नाकाशी नेले, हुंगले, आणि विचारलं, "मंजे माज्यापासून?"

राघवनबाईंनी मला विचारलं, काय म्हणतेय ती?

मी म्हणालो, तिला पटलंय.

आता कळलं तुम्हांला? पहिली चूक वाऱ्याची, ती मी मूर्खपणाच्या खात्यावर टाकू शकलो असतो. दुसरी, 'मदर' — ती घाबरून झाली असं म्हणता आलं असतं. पण ही तिसरी? समोर एक बाई स्वतःचे हात हुंगत होती. दुसरी पेन्सील धरून वाट बघत होती. आणि दोघींच्या मधे फक्त मी होतो. जानकीबाई माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "माजी चूक झाली, गुरजी. आमाला काय कलतं? आमी तिला लानपनापासून वलांडीखालीच निजवली." मी त्यातलं काहीच इंग्रजीत सांगितलं नाही. राघवनबाईंनी तिच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवला. त्यांना वाटलं ती आभार मानतेय.

राघवनबाईंचा यात काडीचा दोष नाही, हे मला स्वच्छ लिहून ठेवायचं आहे. त्यांनी मी दिलेल्या शब्दांवरून काम केलं, त्यांच्याकडे दुसरे शब्द नव्हतेच. पुढे त्यांनी हेडमास्तरांकडे माझी तारीफ केली, अशी तळमळ हल्ली कुठे दिसते म्हणून. त्या वर्षअखेर मी कायम झालो. आणखी वर्षभरानं त्यांच्या यजमानांची बदली झाली. निघताना त्या मला भेटायला आल्या आणि त्यांनी हिराची चौकशी केली. मी म्हणालो, ती चांगली आहे. मला तिची काहीही खबर नव्हती.

कारण हिरा तोवर गेली होती. आईला भेटायला बोलावलं होतं त्याला तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी शिपाई म्हणाला, दाखला न्यायला आलेत. मी बाहेर आलो. हिरा व्हरांड्यात उभी होती, हातात कापडाचं गाठोडं. तिला सफाळ्याला आत्याकडे पाठवत होते. आत्याचा नवरा रेल्वेत गँगमन, त्यांच्या घरात मासळी फक्त कधीमधी शिजायची, तेवढीच. आत्याची तीन लहान मुलं होती, त्यांना बघायला कुणी तरी हवंच होतं. तिथल्या शाळेत घालणार का, असं मी विचारलं. हिरानं मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही. मला वाटतं, नाहीच.

मी दाखला लिहायला बसलो. शाळा सोडण्याचं कारण, असा एक रकाना असतो. मी तिथे 'प्रकृती' लिहिलं. वर्तणूक — 'चांगली'. सही केली, हेडमास्तरांची घेतली, शिक्का मारला. अक्षर माझं नेहमीच छान होतं.

बाहेर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की जानकीबाई कुठे दिसत नाही. मी विचारलं, आई कुठे? हिरानं हात केला. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, भर उन्हात ती उभी होती. दाखल्यावर अंगठा हवा होता म्हणून मी तिला हाक मारली. ती फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. हिरा व्हरांड्याची पायरी उतरली तशी ती दोन पावलं मागे सरली. आणि तिथून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात — पण तो आवाज आर्जवाचा होता — तिनं मला विचारलं, "गुरजी, एवड्या लांब उबी राहिली तं चालंल ना?"

ट्रक जात होता, त्याची धूळ उडाली. मला विचार करायला वेळ मिळाला. हे मी मुद्दाम सांगतो. या वेळी काही घाईत झालं नाही. हेडमास्तर आत होते, राघवनबाई आलेल्या नव्हत्या, भाषांतर करायचं नव्हतं, कुणी ऐकून माझं काही बिघडवणार नव्हतं. तिच्याच बोलीत मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ती बोली मला येत होती. हिरा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. मी खरं सांगतो की नाही, याची ती वाट बघत होती, असं मला आता वाटतं. तेव्हा काय वाटलं ते आठवत नाही.

मी म्हणालो, "चालेल."

शिपायानं दाखला आणि शाईचा पॅड फाटकाशी नेऊन जानकीबाईचा अंगठा घेतला आणि दाखला मला आणून दिला. हिरानं दाखला माझ्या हातातून घेतला, घडी न घालता तसाच छातीशी धरला. मग आई पुढे आणि मुलगी वीस पावलं मागे, अशा दोघी स्टेशनाच्या दिशेनं चालू लागल्या. आई मधूनच वळून बघायची, आणि अंतर कमी झालंय असं वाटलं की भराभर चालायची. घंटा झाली. मी सातवीच्या वर्गावर गेलो आणि हजेरी घेतली.